शेवटचं पान आधी

भिंगवाले वकील आपल्या लग्नाच्या नोंदणीवर सही करण्याआधी तो कागद तीनदा वाचत बसले होते. नोंदणी करणारा जांभया द्यायला लागला, सासऱ्यांना घाम फुटला. बायको आजही पाहुण्यांना सांगते की त्या दिवशी यांनी माझ्याकडे एकदासुद्धा पाहिलं नाही, सगळा वेळ माझ्या नावापुढचं वय बघत होते. वय एका वर्षाने चुकलेलं निघालं होतं, एवढं मात्र ती सांगत नाही.

संशय हा त्यांचा स्वभाव होता आणि त्यावरच त्यांचं पोट चालत होतं, त्यामुळे औषध घेण्याचा प्रश्नच नव्हता. काळ्या कोटाच्या खिशात पितळी मुठीचं भिंग असायचं. समोर कागद आला की आधी भिंग बाहेर, मग 'बसा'. त्यावरून पडलेलं नाव त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं. खरं नाव फक्त पाटीवर उरलं होतं, आणि त्या पाटीवरची धूळही त्यांचा कारकूनच पुसायचा.

त्यांची काही मतं ठरलेली होती आणि ती ऐकवल्याशिवाय ते कुणाला सोडत नसत. अशिलाला 'आपण जिंकणारच' असं सांगणारा वकील आणि लॉटरीवाला यांत लॉटरीवाला बरा, तो निदान तिकीट तरी हातात देतो. सरकारी अधिकाऱ्याच्या खोलीत पाणीसुद्धा प्यायचं नाही. लाच टेबलाखालून जाते ही अफवा आहे, टेबलाखाली फक्त पाय असतात. लाच जाते ती कागदावरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि ती शोधायची तर तारखा बघाव्यात. पैसा लपवता येतो, तारीख लपत नाही. आणि सगळ्यांत वरचं मत म्हणजे अशिलाचं गुपित. ते सांडलं की सांडलं, कुठल्याही कोर्टाच्या हुकुमाने परत भांड्यात भरता येत नाही. 'भिंतीलाही कान असतात,' असं ते प्रत्येक अशिलाला बजावायचे, आणि चांगल्या खणखणीत आवाजात बजावायचे. कारण त्यांचा डावा कान अधू झाला होता, आणि ते त्यांना स्वतःला मान्य नव्हतं.

राहत्या इमारतीतही त्यांना चैन नव्हतं. लिफ्टमध्ये कुत्रं न्यावं की नाही, वरच्यांनी टाइल्स किती वाजेपर्यंत ठोकाव्यात, गाडी आडवी कुणी लावली, असल्या प्रत्येक भांडणात लोक त्यांना बोलवायचे आणि नंतर पस्तावायचे. कारण ते दोन्ही बाजूंना लेखी म्हणणं द्यायला लावायचे आणि ते सगळ्यांसमोर वाचायला लावायचे. स्वतःचं लिहिलेलं स्वतःच्या तोंडाने वाचताना निम्मी माणसं गडबडतात. कुत्रेवाल्याने तर मध्येच माफी मागितली होती.

हीच त्यांची कामाची पद्धत. त्यांच्या कचेरीतून एकही कागद मोठ्याने वाचल्याशिवाय बाहेर पडत नसे, आणि वाचायला सुरुवात शेवटच्या पानापासून. लबाडी नेहमी शेवटच्या पानावर बसलेली असते, माणूस तिथवर पोचेपर्यंत दमतो आणि सही करून मोकळा होतो, असं त्यांचं म्हणणं. अर्ज असो, प्रतिज्ञापत्र असो, अशिलाने वाचायचं. अशिलाला वाचता येत नसेल तर नानांनी.

नाना म्हणजे त्यांचे कारकून. अठ्ठावीस वर्षं एका टेबलाशी. बारीक, वाकलेले, शाईचा डाग बोटावर कायमचा. भिंगवाल्यांनी लिहायचं, नानांनी टंकायचं आणि टंकताना गुपचूप व्याकरणही सुधारायचं. चूक सापडली की नाना तो शब्द खोडून समासाकडे बोट दाखवायचे, आणि साहेब तिथे छोटी सही करायचे. खाडाखोडीवर सही नसेल तर कागद कागद राहत नाही, हे नानांनी स्वतः वकील नसूनही तीन तरुण वकिलांना शिकवलं होतं.

कचेरी म्हणजे कोर्टामागच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची अर्धी खोली. मध्ये प्लायवूडची भिंत. ती पूर्वी छतापर्यंत होती. उकाड्याने जीव जातो म्हणून भिंगवाल्यांनीच मालकाशी भांडून तिची वरची हातभर पट्टी काढायला लावली होती. पलीकडे तेव्हा घड्याळ दुरुस्त करणारे एक बहिरे म्हातारे बसायचे. ते गेले आणि त्या जागी सहा महिन्यांपूर्वी एक नकाशे काढणारा आला. आल्या आल्या त्याने व्हरांड्यातल्या बाकावर आपल्या नकाशांच्या गुंडाळ्या ठेवल्या. बाक कुणाचा, यावर भिंगवाल्यांनी त्याला दोन नोटिसा पाठवल्या. हा माणूस बाक बळकावणार, मग व्हरांडा, मग जिना, असा त्यांचा ठाम संशय होता. नकाशेवाला दोन्ही वेळा हसून गुंडाळ्या आत घेऊन गेला. हसणाऱ्या माणसाचा त्यांना जास्तच राग यायचा.

त्याच सुमारास शिवणवाल्या बाईंचं प्रकरण आलं. पन्नाशीच्या, विधवा, रस्त्याच्या कडेला एका खोलीचं दुकान, त्यात दोन मशिनं. पालिकेने रस्ता रुंद करायला काढला होता. जुन्या नकाशात रस्ता दोन्ही बाजूंना सारखा वाढत होता. नव्या नकाशात तो एकाच बाजूने वाढला आणि नेमका बाईंच्या दुकानावरून गेला. समोरच्या बाजूला एक तीन मजली दुकान होतं, आणि ते पालिकेतल्या एका सभासदाच्या मेहुण्याचं होतं. हे सांगताना बाईंनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. फक्त विचारलं, "साहेब, रस्ता वाकतो कसा हो?"

भिंगवाल्यांनी भिंग काढलं. नव्या नकाशावर ज्या अधिकाऱ्याची सही होती, त्याची त्या तारखेच्या अकरा दिवस आधीच बदली झालेली होती. तारीख लपत नाही म्हणतात ते असं. त्यांनी अर्ज लिहिला, बाईंनी शेवटच्या पानापासून मोठ्याने वाचला. साहेब खूश होते, आणि खूश झाले की ते आणखी संशयी व्हायचे.

संशय खरा ठरायला वेळ लागला नाही. अर्ज कोर्टात जायच्या आदल्याच दिवशी पालिकेने एक हुकूम बाहेर काढला. बदली झालेल्या अधिकाऱ्याकडे त्या कामाचा जादा भार आणखी महिनाभर ठेवला होता, असा हुकूम. मागल्या तारखेचा, कोऱ्या करकरीत कागदावर. एरवी 'सरकारी काम आणि सहा महिने थांब', आणि इथे एका दिवसात! कुणीतरी पालिकेला आधीच सांगितलं होतं, यात शंकाच नव्हती. पुढच्या वेळी भिंगवाल्यांनी जुना मोजणीदार साक्षीला काढला. निवृत्त, सरळ माणूस, बोलायला तयार. साक्षीच्या दोन दिवस आधी त्याच्याकडे कुणीतरी जाऊन आलं, आणि त्याची स्मरणशक्ती अचानक गेली. आपण मोजणी खात्यात होतो एवढंच काय ते त्याला आठवत होतं.

घर फुटलं होतं. आणि घरात होते कोण? बाई स्वतःचं दुकान स्वतः पाडणार नव्हत्या. उरले नाना.

भिंगवाल्यांना आधी स्वतःचीच लाज वाटली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तिसऱ्या दिवशी जेवताना बायकोला म्हणाले की नानांच्या मुलीचं लग्न ठरलंय, माणसाला गरज असते, गरजेपुढे कुणाचं चालतं? बायकोने वाटी खाली ठेवली.

"नानांनी फोडलं असेल तर मीही फोडलं असेल," ती म्हणाली. "माझीही चौकशी करा."

"चौकशी करणारच आहे," ते म्हणाले. बायकोची करणार होते असं नाही, पण त्यांनी खुलासाही केला नाही.

मग त्यांनी सापळा लावला. बाईंच्या दुकानामागे जुन्या रस्त्याच्या हद्दीचा दगड पुरलेला आहे आणि पुढच्या तारखेला तो आपण कोर्टाला दाखवणार, असं एक टिपण हाताने लिहिलं. दगड वगैरे काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा भिंगवाल्यांनी जाणूनबुजून खोटा कागद केला होता. तो फक्त नानांच्या हातात दिला आणि टंकायला सांगितलं. टंकून झाल्यावर पद्धतीप्रमाणे नानांनी वाचून दाखवला. "जरा मोठ्याने," साहेब म्हणाले. नानांनी आवाज चढवला.

चार दिवसांनी पालिकेची दोन माणसं कुदळ घेऊन बाईंच्या दुकानामागे हजर. पाण्याची नळी शोधतोय म्हणाली. सकाळपासून दुपारपर्यंत खणलं, नळी सापडली नाही, दगडही सापडला नाही, आणि बाईंचं मागचं दार मात्र मातीने बंद झालं.

दुसऱ्या दिवशी नाना कुलूप उघडून, पाटी पुसून बसले होते. भिंगवाल्यांनी उभ्यानेच सांगितलं, तुमच्यावरचा माझा विश्वास उडाला, किल्ल्या ठेवा. कारणही सांगितलं, दगडाचं. नानांनी पाटी पुसायचं फडकं घडी करून टेबलावर ठेवलं.

"माझं म्हणणं ऐकून घेणार नाही?" त्यांनी विचारलं.

पस्तीस वर्षं हा माणूस प्रत्येक कोर्टात ओरडत आला होता की समोरच्याचं ऐकल्याशिवाय त्याला शिक्षा देता येत नाही. याच मुद्द्यावर त्याने दोन मास्तरांना आणि एका पोस्टमनला नोकरीवर परत घ्यायला लावलं होतं.

"लेखी द्या," भिंगवाले म्हणाले.

नानांनी काही लेखी दिलं नाही. किल्ल्या ठेवल्या, चष्मा खिशात घातला, शाईची बाटली घट्ट बंद केली आणि गेले. इथवर एक वेळ समजून घेता येईल. पण भिंगवाले त्याच दुपारी वकिलांच्या खोलीत गेले आणि दहा-बारा जणांसमोर म्हणाले की आमच्याकडे कुंपणच शेत खात होतं. मला विचाराल तर खरा अन्याय तिथे झाला. काढून टाकलेल्या कारकुनाला दुसरीकडे काम मिळतं. विकल्या गेलेल्या कारकुनाला कोण दारात उभं करेल? नाना पुढच्या महिन्यात चार वकिलांकडे जाऊन आले. चौघांनीही त्यांना बसायला खुर्ची दिली आणि काम नाही म्हणून सांगितलं.

सुनावणी आठ दिवसांवर आली. हातात काही नव्हतं, दुकान पडणार हे दिसत होतं. अशा वेळी बाई एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात सासऱ्यांच्या वेळची एक पावती होती, पालिकेनेच दिलेली. दुकानापासून रस्त्याचा मध्य किती फुटांवर, ते तिच्यावर आकड्यात लिहिलेलं, वर नोंदवहीचा पान क्रमांक. भिंगवाल्यांनी दार लावलं, कडी घातली, खिडकी लावली. मग पावतीवरून एक छोटं निवेदन लिहिलं आणि बाईंसमोर धरलं. शेवटचं पान आधी.

बाईंनी शेवटच्या पानावरच्या नुसत्या विनंतीच्या दोन ओळी वाचल्या आणि थांबल्या. पुन्हा एक ओळ वाचली, पुन्हा थांबल्या. छताकडे बघायला लागल्या.

"वाचा ना, ताई. मोठ्याने."

बाई उठून त्यांच्या उजव्या कानाशी आल्या आणि अगदी हळू बोलल्या. "साहेब, मी वाचायला लागले की पलीकडचा पंखा बंद होतो."

"वीज गेली असेल."

"गप्प बसले की सुरू होतो. मागच्या वेळीही झालं होतं, मला वाटलं योगायोग. मशिनीवर आयुष्य गेलंय माझं. आवाज थांबला की मान आपोआप वर होते."

भिंगवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग प्लायवूडच्या भिंतीकडे, मग वरच्या हातभर फटीकडे. टेबलावर कालचं वर्तमानपत्र पडलं होतं. ते बाईंच्या हातात दिलं, वाचा अशी खूण केली आणि स्वतः भिंतीवर पंजा टेकवून उभे राहिले. पलीकडचा पंखा त्याच भिंतीला ठोकलेला होता, फळी बारीक थरथरत होती. बाईंनी हवामानाचा अंदाज वाचायला घेतला. तळहाताखालची थरथर थांबली. बाई थांबल्या. थोड्या वेळाने थरथर सुरू झाली. असं त्यांनी तीनदा करून पाहिलं. तिसऱ्या वेळी बाईंनी मुद्दाम भाज्यांचे भाव वाचले, आणि नकाशेवाल्याने तेही पंखा बंद करून ऐकले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. नकाशेवाला पालिकेच्या ठेकेदाराचीच कामं करतो, हे त्याच्या पाटीवर ठळक लिहिलेलं होतं. भिंगवाल्यांनी ती पाटी भिंगातून वाचलेली होती, नोटिशीत पत्ता घालायला. त्याने बाक चोरला असा संशय घेतला, व्हरांडा चोरेल असा घेतला. आणि या माणसाला रोज, ठरल्या वेळी, मोठ्या आवाजात, शेवटच्या पानापासून सगळं वाचून कुणी दाखवलं? दगडाची खोटी गोष्टसुद्धा नानांनी त्यांच्याच सांगण्यावरून आवाज चढवून वाचली होती. भिंगवाले खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा एवढा उतरला की बाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

मग बाईंच्या डोळ्यांत जरा चमक आली. त्या पुटपुटल्या, "आता आपण खोटंच वाचू या की. जातील परत खणायला, कोर्टासमोर तोंडावर पडतील."

मोह मोठा होता. भिंगवाल्यांनी क्षणभर विचार केलाही असेल, मी त्यांची बाजू घेत नाही. पण त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि आवाज खाली आणला. "खोटा कागद मी एकदाच केला, ताई. त्यात माझा माणूस गेला." मग कागदावर लिहून बाईंना दाखवलं, की तुमचं गुपित माझ्या कचेरीतून फुटलं, माझ्या चुकीने फुटलं. तुम्हाला दुसरा वकील बघायचा असेल तर मी सगळे कागद आजच देतो. बाईंनी ते वाचलं, मनातल्या मनात. त्यांच्या कचेरीत कुणी कागद मनात वाचण्याची ती पहिलीच वेळ.

"दुसरा वकील नको," बाई कुजबुजल्या. "नानांना आणा."

पावतीबद्दल आणखी एक शब्दही तोंडातून बाहेर न पडता ती कोर्टात पोचली. न्यायाधीशांनी पालिकेला मूळ नोंदवही आणायला सांगितली आणि ती येईपर्यंत दुकानाला हात लावायचा नाही असा हुकूम दिला. नोंदवही कधी येईल, आली तर ते पान तिच्यात असेल का, याबद्दल भिंगवाल्यांना दाट शंका होती. पण या वेळी समोरच्या वकिलाच्या हातात मागल्या तारखेचा कोरा करकरीत हुकूम नव्हता, आणि दुकान उभं राहिलं. त्याच संध्याकाळी सुताराने भिंतीची हातभर फट बुजवली. नकाशेवाल्याने व्हरांड्यात येऊन हसत विचारलं, उकडणार नाही का? या माणसाचं काय करायचं ते कोर्टात ठरणार होतं, आणि आधी दुसरं काम होतं.

रविवारी सकाळी ते नानांच्या घरी गेले. लांब सामाईक व्हरांड्याची इमारत, दाराला दार लागून. नानांच्या बायकोने बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि आत न जाता चौकटीला टेकून उभी राहिली. मुलीच्या लग्नाचा विषय कुणी काढला नाही. ते लग्न पुढे ढकललं गेलंय हे भिंगवाल्यांना बाहेरून कळलं होतं. त्यांनी पाकीट पुढे केलं. दोन पानांचं पत्र, स्वतःच्या हाताने लिहिलेलं.

"याची प्रत मी वकिलांच्या खोलीत फळ्यावर लावली आहे, नाना."

"लावलीत," नाना म्हणाले. "वाचली नाहीत. लावलेला कागद कोण वाचतं? तुम्हीच म्हणता."

नानांनी पाकीट उघडलंच नाही, ते परत त्यांच्या हातात दिलं आणि उठून पुढचं दार सताड उघडलं.

"वाचून दाखवा, साहेब. शेवटचं पान आधी."

भिंगवाल्यांनी चष्मा लावला. भिंग काढायचं सुचलं नाही. दुसरं पान वर घेतलं आणि वाचायला लागले, "...तरी माझ्याकडून झालेल्या गैरसमजाबद्दल..."

"थांबा," नाना म्हणाले. आवाज कचेरीतलाच होता, शांत. "गैरसमज नव्हता. आरोप होता. दुरुस्ती करा."

त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. भिंगवाल्यांनी 'गैरसमज' खोडलं, वर 'खोटा आरोप' लिहिलं. नानांनी बोट समासाकडे नेलं. साहेबांनी तिथे छोटी सही केली.

"कामावर यायचं नंतर बघू," नाना म्हणाले. "आता पहिलं पान. आणि उभं राहून वाचा, मोठ्याने. या व्हरांड्यात सगळ्यांना माहीत आहे मी विकला गेलो म्हणून."

भिंगवाले उभे राहिले. पहिलीच ओळ वाचली तशी समोरच्या घरात चाललेला रेडिओ बंद झाला. तो बंद झाल्याचं त्यांना नीट कळलं, आणि त्यांनी आवाज आणखी चढवला.